फॉरमॅट मारायच्या आधी एकदा विचारा तरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की तुमच्या पेपरात लॅपटॉपच्या जाहिराती सुरू होतात. बॅग फ्री, माउस फ्री, शून्य टक्के व्याज, सगळं असतं. पण हे मशीन उद्या चालूच झालं नाही तर काय करायचं, त्यासाठी दुकानदाराने हातात काय द्यायला पाहिजे, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं आणि आपणही विचारत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

मी आणि माझे मिस्टर कराडमध्ये १८ वर्षं डीटीपीचं दुकान चालवतोय. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, असली कामं. मागच्या उन्हाळ्यात ऐन लगीनसराईत विंडोजचं अपडेट चालू असताना लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे पीसी आहे तसाच बंद पडला. लाईट आल्यावर चालू केला तर आधी कंपनीचं चिन्ह, खाली गोल फिरणारे ठिपके, ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ अशी ओळ, मग काळी स्क्रीन आणि परत पहिल्यापासून तेच. दीड तास आम्ही हेच बघत बसलो होतो.

रिपेअरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम सीपीयू घेऊन या, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा. डेटाचं विचारलं तर, डी मधलं राहील, सी मधलं जाईल. आता आमच्यासारख्यांचं चालू काम सगळं डेस्कटॉपवर असतं आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमध्येच असतो, हे खूप लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं समोर दिसतंय म्हणजे सुरक्षित आहे. त्या दिवशी आमच्या डेस्कटॉपवर ११ पत्रिका होत्या, चारांचं प्रूफ वाचून झालेलं, एक तर दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईला जायची होती. शिवाय श्रीलिपीचे मराठी फॉन्ट, पेजमेकर आणि कोरल ड्रॉ ही मांडणीची सॉफ्टवेअरं, सगळं सी मध्येच. आमच्या जुन्या फाइली युनिकोडमधल्या (कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येते त्या पद्धतीतल्या) नाहीत, तो ठराविक फॉन्ट मशीनवर नसेल तर ‘शुभविवाह’ च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. म्हणजे फॉरमॅट मारला तर डी मधल्या फाइली असून नसल्यासारख्या, जोपर्यंत सगळे फॉन्ट परत टाकून होत नाहीत तोपर्यंत.

मी त्याला नाही म्हणाले, कारण माझ्याकडे रिकव्हरी पेनड्राइव्ह केलेला होता, म्हणजे विंडोज उठत नसेल तेव्हा ज्यावरून मशीन चालू करून दुरुस्ती करता येते तो.

तो करायचं मनात आलं ते १९ जुलै २०२४ च्या प्रकारामुळे. शुक्रवार होता, टीव्हीवर विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दाखवत होते. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात जवळपास ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली होती. नंतर वाचलं की त्यातल्या बहुतेक मशीनवर उपाय एकच होता, सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरत्या चालणाऱ्या विंडोजमध्ये) किंवा रिकव्हरीत जाऊन एक फाइल काढून टाकायची, पण ती लांबून काढता येत नव्हती, माणसाला प्रत्येक मशीनपाशी जावं लागत होतं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी पेनड्राइव्हवर टाकायचं एक टूलसुद्धा दिलं. मला त्यातलं एकच डोक्यात बसलं, एका फाइलीमुळे मशीन उठत नव्हतं पण आत सगळं जागच्या जागी होतं. कॉम्प्युटर चालू होत नाही आणि डेटा गेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे मात्र दोन्हींवर एकच औषध देतात, फॉरमॅट.

हा पेनड्राइव्ह करायला काही शिकावं लागत नाही. मशीन नीट चालू असताना स्टार्टमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असं शोधायचं, किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा, ३२ चा असला तर बरंच, सिस्टीम फाइल्सच्या बॅकअपची खूण राहू द्यायची आणि तास-दोन तास त्याला हात लावायचा नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे मात्र लक्षात ठेवा. आपले फोटो, फाइली त्यात जात नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो. वर्षातून एकदा नव्याने करावा असं मायक्रोसॉफ्टच सांगते. आधी करून ठेवलेला नसेल तरी अडत नाही, दुसऱ्याच्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलेशन ड्राइव्ह करता येतो, त्यात ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ (नव्या विंडोज ११ मध्ये ‘रिपेअर माय पीसी’) असतं, तिथूनही त्याच मेनूत जाता येतं, फक्त ‘इन्स्टॉल’ वर क्लिक करायचं नाही.

तर मी तो लावला, पॉवर दाबून एफ १२ दाबत राहिले (काही कंपन्यांत एफ ९ असतं, काहींत एस्केप), पेनड्राइव्ह निवडला आणि निळ्या पडद्यावर मेनू आला. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. स्टार्टअप रिपेअर समोरच दिसतं पण मी आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये गेले, कारण दुरुस्तीच्या नादात काही बिघडलं तर आधी फाइली बाहेर काढलेल्या बऱ्या. त्या काळ्या खिडकीत नुसतं नोटपॅड टाईप करून एंटर मारलं की नोटपॅड उघडतं, मग फाइल, ओपन, खाली ‘ऑल फाइल्स’ करायचं, की त्या छोट्या खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात! ड्राइव्हची अक्षरं तिथे कधी कधी बदललेली असतात, माझा सी तिथे डी म्हणून आला होता, काळजाचा ठोका चुकला एकदम. पण यूजर्समध्ये गेले, आमच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप, आणि त्या ११ च्या ११ फाइली. राईट क्लिक, कॉपी, दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट. किती कॉपी झालं ते तिथे दिसत नाही, खिडकी नुसती अडकल्यासारखी वाटते, घाबरून बंद करायची नाही. माझे हात थरथरत होते खरंच, मिस्टर शेजारी उभे राहून फाइली मोजत होते.

मग स्टार्टअप रिपेअर करून बघितलं, त्याने जमत नाही असं सांगितलं. म्हटलं लाईट गेली तेव्हा अपडेट चालू होतं, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ मध्ये जाऊन शेवटचं क्वालिटी अपडेट काढलं. दहा-पंधरा मिनिटं लागली असतील, मशीन रीस्टार्ट झालं आणि समोर आमचा नेहमीचा डेस्कटॉप, श्रीलिपीसकट. पत्रिका सकाळी छपाईला गेली.

सगळं यानेच दुरुस्त होतं असं नाही. जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे काहीही करत बसू नका, मशीन बंद करून डेटा रिकव्हरीचं काम खरंच येणाऱ्याकडे द्या, चालू ठेवून ती आणखी खराब होते.

आता दुसरी गोष्ट, खरं तर तिच्यासाठीच पत्र लिहायला बसले. माझी भाची सांगलीला डिप्लोमाला आहे. तिचा नवा लॅपटॉप, विंडोज ११ वाला, असाच एका सकाळी अडकला. मी माझा पेनड्राइव्ह घेऊन गेले, माझ्यासारखंच होईल अशा खात्रीनेच गेले होते. मेनू आला, कमांड प्रॉम्प्टवर क्लिक केलं तर तिथे बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, रिकव्हरी की मागितली, ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकून लॉगिन केलं की बऱ्याचदा ड्राइव्ह आपोआप एनक्रिप्ट (कुलूपबंद) होतो आणि त्याची की त्या अकाउंटवर जाऊन बसते. ही सोय चांगलीच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर तुमचे फोटो-कागद कुणाला बघता येत नाहीत. पण तिचं अकाउंट उघडून बघितलं तर तिथे कीच नाही. मग कळलं, विकत घेताना दुकानातल्या मुलाने घाईत सेटअप करून देताना स्वतःचा कुठलातरी ईमेल टाकलेला होता. तो मुलगा नोकरी सोडून गेलेला, दुकानाने नंबर काढून दिला तर तो लागेना, आणि दुकानदार म्हणाला ताई एवढं कशाला करताय, फॉरमॅट मारून देतो ना फ्री मध्ये.

ही की नसेल तर रिकव्हरी पेनड्राइव्हचा उपयोग नाही, एसएसडी (आतली डिस्क) काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी काही वाचता येत नाही. पोरीचा सहा महिन्यांचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात होता, आणि तिच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शेवटच्या दिवाळीतले फोटो. तिने ते दुसरीकडे कुठे ठेवले नव्हते. शेवटी फॉरमॅटच मारावा लागला. तिथे काउंटरवर ती काही बोलली नाही, रिक्षात बसल्यावर रडली.

तो मुलगा वाईट नव्हता हो, त्याला कुणी सांगितलंच नसेल. पण विकणाऱ्या मालकाला हे माहीत असायलाच पाहिजे. माझं दुकानदारांना कळकळीचं सांगणं आहे, लॅपटॉप देताना अकाउंट गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर करा, तो नसेल तर त्याच्यासमोर काढून द्या, पासवर्ड त्याला टाकू द्या. बिटलॉकरची की कागदावर प्रिंट करून बिलाला स्टेपल करा. बॅग फ्री देताय ना, त्यापेक्षा एक ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकव्हरी करून द्या. आणि रिपेअरवाल्यांनी, मी त्यांच्यातल्या कित्येकांना ओळखते, कष्टाळू पोरं आहेत, पण फॉरमॅट मारायच्या आधी गिऱ्हाइकाला एवढं विचारा की डेस्कटॉपवर काय आहे, बॅकअप आहे का, आणि अर्धा तास फाइली काढून द्यायला घालवा. त्याचे वेगळे पैसे घ्या, लोक देतील, मी तरी दिले असते.

ज्यांनी आधीच लॅपटॉप घेतलाय त्यांनी आज संध्याकाळीच मायक्रोसॉफ्टच्या साईटवर स्वतःचं अकाउंट उघडून डिव्हायसेसमध्ये आपल्या मशीनची रिकव्हरी की दिसते का बघा. नाही दिसली तर मशीन चालू आहे तोवरच सेटिंग्जमधून कुठलं अकाउंट आहे ते तपासा, एनक्रिप्शन चालू असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शनमधून कीचा बॅकअप काढा आणि तो कागद घरच्या फायलीत रेशनकार्डाशेजारी ठेवा.

संपादकसाहेब, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे यंदा पोरांबरोबर दुकानदार, शिक्षक, पतसंस्थावाले असे सगळेच नवीन मशीन घेतायत. पत्र लांबलंय, हवं तर काटछाट करा, पण भाचीचा भाग तेवढा ठेवा आणि जूनच्या आधी छापता आलं तर बघा, आमच्याकडे लॅपटॉपची खरेदी त्याच महिन्यात होते.

आपली,
एक वाचक, डीटीपी व्यावसायिक, कराड