वनमंत्र्यांना खुले पत्र: वासराचा लळा आवरा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

रानगव्याची मादी विहिरीत पडली की बातमी येते. तिच्या मागे उरलेल्या वासराचं काय झालं, ते कुणी छापत नाही. असं एक वासरू मी एका उपचार केंद्रात अकरा महिने सांभाळलं, रोजंदारीवर.

आलं तेव्हा तांबूस-पिवळं होतं, नाळही सुकली नव्हती. बाटली तोंडाला लावली की ढुशी मारायचं, कासेला मारतात तशी. तिसऱ्या आठवड्यात माझी पावलं ओळखायला लागलं. मनगटावरचा घाम चाटायचं. जीभ इतकी खरखरीत की चट्टे उठायचे. मी पाठ खाजवायचो, नावाने हाक मारायचो. चूक तीच. (खोटं कशाला सांगू, अजून ती चूक वाटत नाही.)

दहाव्या महिन्यात त्याच ढुशीने मला कुंपणावर आपटलं. रागाने नव्हे, खेळायला त्याला दुसरं कोणी नव्हतंच. पूर्ण वाढलेला नर ८०० ते १००० किलोंचा होतो, साहेब. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला वाट चुकलेला गवा गर्दी आणि पळापळीत जिवानिशी गेला. तो तर माणसाला बिचकणारा होता. आमचा स्वतःहून गर्दीत शिरेल.

गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे, घरी पाळणं गुन्हा आहे. ते योग्यच. पण केंद्रात वाढवायचा कसा, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. वासरू सापडलं की लगेच उचलू नका, कळप जवळपास असेल तर लांबून राखण करा, असा आदेश काढा. उचलावंच लागलं तर एकटं ठेवू नका. दुसरं अनाथ वासरू असेल तर जोडीने वाढवा. दूध आडोशाआडून पाजावं, न बोलता. गावची गुरं जवळ नकोत, लाळ्या खुरकूत लागतो. आणि पाहुण्यांच्या हातात बाटली देणं आधी बंद करा. आमच्याकडे रविवारी फोटोला रांग लागायची, पुढे साहेबांची मुलं.

तो आता दुसरीकडे आहे, मोठ्या आवारात, एकटाच. गेल्या महिन्यात गेलो होतो. लांब झाडामागे उभा राहिलो, हाक मारली नाही. वारा फिरला तसे त्याने कान टवकारले, चालत आला आणि नाकाने जाळी ढोसत राहिला. मी तसाच मागे फिरलो.

आपला,
एक रोजंदारी मजूर