सभामंडपाचे दोन लाख अन् माझा चुकारा

प्रिय आई, बाबा,

फोनवरच बोललो असतो पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं ठेव आता" म्हणतात अन् मुद्दा तसाच राहते, म्हणून लिहून राहिलो. आई, तू चष्मा लाव अन् बाबांना वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

बाबा, मारोतीच्या सभामंडपाच्या वर्गणीत तुम्ही माझ्या नावापुढे २ लाख लिहून आले, हे मला काकाच्या पोट्ट्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं. वरून म्हणे तुम्ही म्हटलं, "आमचं पोट्टं टीव्हीत आहे, त्याले दोन लाख काय लागते." राग नाही आला, खरं सांगतो, उलट तो स्टेटस मी तीनदा पाहिला. पण आता हिशोब ऐका.

मला या कॉमेडी शोच्या एका एपिसोडचे १५ हजार मिळतात. त्यातले १० टक्के टीडीएस म्हणून आधीच कापले जातात, ३ हजार मॅनेजरचे, हातात साडेदहा. महिन्यात चार एपिसोड धरले तर ४२ हजार, पण चारही एपिसोडमध्ये आपण असतोच असं नाही, मागच्या महिन्यात दोनच होते, अन् तिसऱ्यात होतो त्यात माझा भाग एडिटमध्ये उडाला. तालमीचे तीन दिवस फुकट. घरभाडं तिघांत वाटून माझ्या वाट्याला १४ हजार. आणि हे पैसे बिल टाकल्यावर ९० दिवसांनी येतात, म्हणजे तसं कागदावर लिहिलंय, आधीच्या एका शोचे पैसे सात महिने आले नाहीत, रोज फोन केला तर तिथली अकाउंटवाली मुलगी मला "दादा, चहा घेऊन या, निवांत बोलू" म्हणायला लागली. विकलेल्या कापसाचे पैसे, म्हणजे चुकारा, लांबला की तुम्ही जेवढे चिडता ना, तेवढाच मी चिडलो होतो, पण इथे चिडलेलं दाखवलं तर पुढचं काम जाते.

मग टीव्हीत राहायचं काऊन, असं तुम्ही विचाराल. तर पैसा टीव्हीत नाही, टीव्हीमुळे बाहेर आहे. टीव्हीच्या आधी मी गणपती मंडळात ३ हजार अन् एसटीच्या तिकिटावर कार्यक्रम करत होतो, आठवते ना, एकदा मंडळवाल्यांनी पाकिटात २ हजारच टाकले होते अन् उरलेल्या हजाराचा नारळ दिला होता. आता वर्ध्याच्या एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला ४० मिनिटांचे ४५ हजार मिळाले, अर्धे आधीच. जोक तेच, माईक तसाच, फक्त निवेदकानं "टीव्हीवरून घराघरात पोचलेले" म्हटलं. म्हणजे टीव्ही हे माझं बॅनर आहे, तेही चॅनलच्या खर्चानं लावलेलं. पण शो बंद झाला की बॅनर उतरते, अन् दोन वर्षांत भाव परत नारळावर येतो. इथे असे लोक पाहिलेत मी, एका काळी विमानानं फिरायचे, आता कोणी सेल्फी मागितला तर डोळ्यात पाणी येते.

मोठा पैसा ज्यांनी केला ते वेगळं करतात. तुम्हाला कपिल शर्मा आवडतो ना बाबा. तो अमृतसरच्या पोलिसाचा पोरगा, २००७ ला लाफ्टर चॅलेंज जिंकला तेव्हा बक्षीस १० लाख होतं. आपल्या हिंगणघाटचे सुनील पाल पहिलं लाफ्टर चॅलेंज २००५ लाच जिंकले होते, म्हणजे रस्ता आधीपासून होता. पण कपिलनं २०१३ मध्ये स्वतःचा शो आणला तेव्हा फक्त समोर उभा नाही राहिला, निर्मितीत स्वतःची कंपनी घातली. मजुरीही त्याची अन् जिनिंगही त्याची, असं समजा. आपण कापूस विकून मोकळे होतो, पुढे रुई, सरकी, ढेप, तेल सगळ्याचा पैसा जिनिंगवाल्याचा.

अन् अमेरिकेत तो जेरी साइनफेल्ड, तोही आधी माझ्यासारखा स्टेजवर जोक सांगणारा. त्याची मालिका १९८९ ते १९९८ चालली, १८० एपिसोड, मग त्यानंच बंद केली, दर एपिसोडला ५० लाख डॉलर देऊ केले होते म्हणतात तरी. काऊन? कारण मालिकेत त्याचा हिस्सा होता, ती परत परत दाखवली की पैसे येतच राहतात. फरदड आहे ती बाबा, एकदा वेचून झाल्यावर त्याच झाडांवर परत घेतलेला कापूस. फक्त आपल्या फरदडीला बोंडअळी लागते, त्याच्या फरदडीला लागत नाही.

माझ्या फरदडीचं काय झालं ते ऐक आई. रात्री बारा वाजता शेतातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लाइन येते, बाबा मोटर चालू करायला निघतात, अन् तू दारातून ओरडतेस, "साप दिसला तर त्याले इचारजा, तुही डीपी कोन्ती." हा मी टीव्हीवर केला, टाळ्या थांबत नव्हत्या. त्याची क्लिप चॅनलच्या यूट्यूबवर लाखो लोकांनी पाहिली, पण त्यातला एक रुपया माझा नाही, कारण शोमध्ये केलेलं सगळं निर्मात्याचं असं मी सही करून दिलंय. २०१२ साली कायदा बदलला, लेखकाचा रॉयल्टीचा हक्क आता काढून घेता येत नाही म्हणतात, पण माझ्या खात्यात अजून काही आलं नाही, अन् नवीन पोरानं वकील घेऊन जायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा पोरगा. तुझं बोलणं, तुझा दरवाजा, अन् मालक तिसराच. त्या रात्री मी जेवलो नाही, अर्थात वडापाव खाल्ला होता.

म्हणून आता नवीन माल मी टीव्हीवर नेत नाही. तिथे जुनं, ठीकठाक ते देतो, चांगलं वहीत ठेवतो. एक तासाचा कार्यक्रम जमलाय, सगळा वऱ्हाडीत. भारत गणेशपुरे टीव्हीवर वऱ्हाडी बोलले अन् पुण्या-मुंबईची माणसं हसली, तेव्हापासून आपल्या भाषेची भीती गेली आहे लोकांची. नागपुरात छोटा हॉल, तीन कॅमेरे, साउंड, एडिट, सगळं माझ्या पैशानं करणार, म्हणजे रेकॉर्डिंग माझ्या नावावर राहील, मग यूट्यूबला टाका की कोणाला विका. त्याला खर्च येतो २ लाख. अन् माझ्याकडे आहेत बरोबर २ लाख. आता समजलं का वर्गणीचा आकडा पाहून मला घाम काऊन फुटला?

सभामंडपाला ११ हजार देतो, पतसंस्थेच्या पैशातून ठेवलेत, ते पाठवतो. पावतीपुस्तकात आकडा तुम्हीच बदलून घ्या, मी सांगितलं म्हणा. काका काही बोललाच तर त्याला माझ्या बँकेचं पासबुक दाखवा, नाहीतर राहू द्या, तो तेही स्टेटसला टाकेल.

बाबा, रात्री मोटरवर जाताना बॅटरी न्या, मोबाइलच्या उजेडावर जाऊ नका.

अन् आई, परवा फोनवर तू तूर सोंगणाऱ्या बायांचं जे सांगितलं ना, ते परत नीट लिहून पाठव, पण बाहेर कोणाजवळ बोलू नको. यावेळी तुझे पैसे वेगळे काढीन. फक्त आधी पॅन कार्ड काढून ठेव, नाहीतर तुझे २० टक्के कापतील.

तुमचा,
टीव्हीतला