आकडा तेवढा कळव

डोंबिवली, रविवार

चि. मृणाल हीस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो बाबा" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच तुटतं, म्हणून पत्र. पार्सलमध्ये अगदी वर ठेवतोय, कढईच्या आधी हातात येईल. रिपोर्टबद्दल एक अक्षर काढणार नाही असं आईला कबूल केलंय, तेव्हा तो विषय नाही.

कढई लोखंडाची आहे. हसू नकोस. पहिल्यांदा घासून कोरडी कर, तेल लावून चांगली तापव, त्यात एक कांदा काळा होईपर्यंत परत आणि तो फेकून दे. मग वापर. पालेभाजी त्यातच कर, पण झाल्यावर त्यातच ठेवू नकोस, काळी पडते. जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस. चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात. खजूर रोज चार. हळिवाचे लाडू आईने केलेत, ते नारळाचे आहेत, फ्रिजमध्ये ठेव. एवढं लिहून झाल्यावर वाचलं तर दवाखान्यातला तक्ता झालाय. राहू दे. खोडत नाही.

बुधवारी कढईसाठी मी एकटाच गेलो होतो. आई म्हणाली, इथं फडके रोडला मिळत नाही का? मिळते. पण सदतीस वर्षं ज्या गल्ल्यांत घालवली तिथं जायला मला काहीतरी निमित्त लागतं. आधी लोहार चाळीत शिरलो, सवयीने. नावाला लोहार चाळ, आत सगळा वायर, पंखे आणि झुंबरांचा बाजार. तू त्या दिवशी मला सांगत होतीस ना, क्रॉफर्ड मार्केटात 1882 साली विजेचे दिवे लागले, मुंबईत पहिल्यांदा? मग शेजारी वीजवाले जमले यात नवल नाही. लोखंड मिळालं ते तांबाकाट्याला, म्हणजे पायधुणीपाशी. तिथं पूर्वी खाडीचं पाणी यायचं, शहरात शिरताना लोक पाय धुवायचे, हे तुला लहानपणी सांगितलं तेव्हा तू विचारलं होतंस, "मग साबण कोण द्यायचं?" दुकानदाराला मी कढई वाजवून दाखवायला लावली. तो म्हणाला, चाचा, घंटी लेने आए हो क्या?

खजूर मशीद बंदरचा. येताना सॅम्युएल स्ट्रीटवरून आलो. आमच्या पेढीवर पेणकर टायपिस्ट होते, त्यांची आठवण तुला नसेल, पण त्यांनी दिलेला लाकडी भोवरा असेल. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. घरी मराठी, डब्यात आंबोळ्या, आणि शनिवारी सुट्टी. शेठ कुरकुरायचे. पेणकर म्हणायचे, "शेठ, कोकणात आमच्या वाडवडिलांना शनवार तेलीच म्हणायचे, शनिवारी घाणा बंद. तुमच्या पेढीसाठी कुठं चालू करू?" मशीद स्टेशनचं नावही मशिदीवरून नाही, त्यांच्या प्रार्थनामंदिरावरून पडलंय, हे मला त्यांनीच दाखवलं. दिवेकर म्हणून त्यांच्यातले एक फौजेतले अधिकारी होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 साली त्यांनी ते बांधलं. जुनी मशीद म्हणत लोक त्याला. रोज त्या स्टेशनावर उतरणाऱ्या लाखभर माणसांतल्या किती जणांना ठाऊक असेल? मला तरी दहा वर्षं नव्हतं. पेणकर पुढे मुलाकडे इस्रायलला गेले. जाताना टाइपरायटरचं कव्हर स्वतः धुऊन, वाळवून ठेवून गेले.

बघ, लिहायचं होतं ते राहिलंच.

त्या शनिवारी तू चांगल्या मूडमध्ये होतीस. सीएसएमटीला उतरून आपण चालत निघालो, अंजुमन-इ-इस्लाम, जे. जे. स्कूल, आणि समोर मार्केटचा मनोरा. दारावरच्या कमानीतल्या दगडी माणसांखाली तू मला अडवलंस. गव्हाच्या शेतात राबणारी ती माणसं. "बाबा, हे कुणी केलंय माहितीये? किपलिंगच्या वडिलांनी. ते समोर जे. जे.त शिकवायचे." इमारत 1869 ची, आराखडा एमर्सनचा, क्रॉफर्ड म्हणजे पहिला म्युनिसिपल कमिशनर, पिवळसर दगड कुर्ल्याचा आणि तांबडा वसईचा. तू धडाधड सांगत होतीस आणि पाटीवाले "बाजू, बाजू" करत आपल्याला ढकलत होते. मी हजारदा त्या दारातून गेलोय. वर मान करून बघितलं नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, हिच्या शिक्षणाचे पैसे इथल्या इथं वसूल झाले. तेव्हा बोललो नाही. मी म्हणालो, "चल, ऊन वाढतंय."

खरं म्हणजे मी वर बघितलं होतं, एकदाच. 1981 च्या मे महिन्यात, पहिला पगार झाला तेव्हा. कुंदाला घेऊन आलो होतो. तेव्हा फळांचा घाऊक बाजार इथंच होता, 1996 ला तो वाशीला गेला. मे महिन्यात तर आंब्याच्या पेट्यांच्या गवताचा वास पार पोलीस कमिशनरच्या कचेरीपर्यंत यायचा. पायाखाली गवतच गवत. कुंदाने त्या दगडी माणसांकडे बोट केलं, "दादा, तो वाकलेला बघ, आपले तात्याच." तसे दिसतातही. मागे पक्ष्यांची दुकानं होती तिथून ती हलेना. पोपट हवा होता. मी म्हटलं, चाळीत त्याला कुठं टांगायचा, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी म्हटलं.

मंगळदासच्या कापडबाजारात काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण अर्धा वेळ तू शुद्धीवर नव्हतीस. त्याआधीचं मात्र मी विसरणार नाही. दुकानदाराने "प्युअर कॉटन, बेन" म्हणून तो निळा तागा गादीवर भिरकावला. तू कापड चोळलंस, कडेचा एक दोरा ओढलास आणि त्यालाच काडेपेटी मागितलीस. दोरा पेटला, विझला, टोकाला कडक काळा मणी. सुताची राख होते, मणी होत नाही. तू तो मणी त्याच्या तळहातावर ठेवलास आणि काही बोलली नाहीस. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मुनीमजी, आ तो तमारा करतां जबरी छे." मी कपाळावरचा घाम पुसला, पण घाम नव्हता तो.

आणि मग दुसरा तागा उलगडत होता तेव्हा तू गादीची कड धरलीस. मला वाटलं, वाकून बघतेयस.

त्यानंतर कोण कुठून आलं मला सांगता येणार नाही. दुकानदाराने ताग्यांची अख्खी चळत हाताने खाली पाडून गादी मोकळी केली, "बेनने सुवडावो!" म्हणत. बुरख्यातल्या एक बाई आपली पिशवी टाकून पुढे आल्या, तुझे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि मलाच ओरडल्या, "अंकल, हवा आने दो!" त्या तुझे तळवे चोळत होत्या आणि त्यांच्या पिशवीतली लिंबं गल्लीभर घरंगळत होती. रिदा घातलेल्या एका बोहरी म्हाताऱ्या बाईंनी पर्समधून खडीसाखर काढली. डोक्यावर गठ्ठा असलेला हमाल, बोलण्यावरून साताऱ्याकडचा, गल्लीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "पोरगीला चक्कर आलीया, फिरून जावा." गठ्ठा त्याने तेवढा वेळ खाली ठेवला नाही, कारण एकट्याला परत चढवता येत नाही. मी काय करत होतो? मी तुझी चप्पल हातात धरून उभा होतो.

दोन मिनिटं असतील. तू डोळे उघडलेस आणि पहिलं वाक्य, "तो निळा नको हं बाबा." सगळे हसले. मीही हसलो.

आता खरं सांगतो. गाडीत मी तुझ्यावर ओरडलो ते चुकलं. मुंब्रा येईपर्यंत मी बोलत होतो: सकाळी पोहे अर्धेच खाल्लेस, रात्री दोनपर्यंत लॅपटॉप, तिकडं कोण बघतंय, तुम्हा लोकांना सगळं कळतं. समोरच्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. आणि तू म्हणालीस, "बाबा, कुंदाआत्याला माझ्यावर लादू नका."

बरोबर बोललीस. तीन रात्री विचार केला, बरोबरच आहे. तू वेगळी, ती वेगळी, काळ वेगळा. फक्त एक सांगतो आणि थांबतो. तिच्या वेळीसुद्धा सगळे अशक्तपणाच म्हणत होते. ठाकूरद्वारच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, माझ्या आईने गुळ-शेंगदाणे दिले, मी म्हटलं, ऊन लागलं असेल. रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर घरातला शिकलेला.

थांबलो.

तू म्हणशील, मीसुद्धा तुम्हाला कमी काळजीत टाकलेलं नाही का? टाकलंयस, पण आधी मी टाकलंय. 25 ऑगस्ट 2003, सोमवार, तू सात वर्षांची. दुपारी जेवायची वेळ होती आणि मुंबादेवीजवळ टॅक्सीत स्फोट झाला. आमच्या मार्केटात आधी काचा थरथरल्या, मग एकदम आवाजच गेले सगळे. नंतर ज्याची त्याची शटरं. आमच्या शेठनी मला आणि दोघा पोऱ्यांना मागच्या गोदामात बसवलं. पेढीच्या फोनला माणसांची रांग, आणि माझा नंबर आला तर लाइन लागेना. मी सोडून दिलं. वाटलं, आता घरीच पोचतो. भायखळ्यापर्यंत चालत, मग गाडी. डोंबिवलीला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. तू दारात बसली होतीस, माझ्या घरातल्या निळ्या स्लिपर मांडीवर घेऊन. आई एवढंच म्हणाली, "वाटेत एकही बूथ नव्हता?" होते. दहा तरी होते. मीच थांबलो नाही. मी जिवंत आहे हे मला माहीत होतं ना, त्यामुळे ते दुसऱ्याला सांगायला हवं हे सुचलंच नाही.

तुझंही तसंच असेल. तुला बरं वाटतंय, हे तुला माहीत आहे. पण नऊ दिवस झाले.

लिहायचं नव्हतं, लिहिलं. आईला सांगू नकोस. तीही विचारत नाही, पण तिने तुझ्या गावातल्या लॅबला रिपोर्ट किती तासांत मिळतो ते शेजारच्या अनघाकडून मोबाइलवर शोधून घेतलंय.

निळा घेतला नाही, पण तू खाली ठेवलेला तो मातकट रंगाचा अजरख, खऱ्या सुताचा, तो मी बुधवारी आणला. कढईत गुंडाळून ठेवलाय, खरचटणार नाही. त्याच दुकानातून. दुकानदाराने विचारलं, "बेन केम छे?" मी म्हटलं, सारु छे. पैसे घेताना त्याने हिशेब पुटपुटत केला आणि मी लेबल उलटून बघितलं, सवयीने. वर अक्षरं. त्यांच्या पेढीचा शब्द मला माहीत नाही, त्यामुळे त्याला केवढ्याला पडला ते तुलाच ताडावं लागेल.

आपला शब्द तुझ्या लक्षात आहे ना? दहा अक्षरं, एक ते नऊ आणि शेवटचं शून्य. शेठनी मला नोकरीच्या चौथ्या वर्षी सांगितला आणि देवाची शपथ घ्यायला लावली. खरेदीचा भाव लेबलावर त्या अक्षरांत जायचा, गिऱ्हाइकाने नाकाला लावून बघितलं तरी कळायचा नाही. तू नऊ वर्षांची असताना गणपतीत पाऊस थांबेना म्हणून खेळ म्हणून तुला शिकवला. पेढीशी मी केलेली ती एकच लबाडी. आता शेठ नाहीत, पेढी मुलाने भिवंडीला नेली, तो बारकोड लावतो. तरी तो शब्द इथं पुरा लिहायला माझा हात धजत नाही.

तेव्हा असं कर. हिमोग्लोबिनचा आकडा त्या अक्षरांत मेसेज कर. दोनच अक्षरं लागतील, दशांशाचं मला काही नको. आईच्या हातात माझा फोन असतो, तिला कळणार नाही. एकच अक्षर आलं तरी मी ओरडणार नाही, पहिल्या गाडीने येईन.

तुला वाटेल, हे एकतर्फी आहे. तसं नाही. मीही मंगळवारी साखर तपासून आलोय. आईला सांगितलं, पासबुक भरायला जातो. उपाशीपोटीचा आकडा शेवटी त्याच अक्षरांत लिहिलाय. वाच आणि हे पान फाडून टाक.

तुझा
बाबा

ता. क. लाडवात जायफळ जास्त झालंय असं आई म्हणते. नाही झालेलं.

श्री – थ – ना