वाचा गेली, समज नव्हे

महोदय,
पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या माणसाशी बँकेत, दवाखान्यात लोक मोठ्याने बोलतात. कान ठीक असतात. इजा झालेली असते मेंदूतल्या, बहुधा डाव्या बाजूच्या, भाषेच्या भागाला. शब्द सापडत नाहीत, बुद्धी जागेवर असते.

घरी एका वेळी एकच प्रश्न विचारावा. ‘चहा की कॉफी?’ म्हणताना दोन्ही डबे समोर धरावेत. मग मनात दहापर्यंत मोजावे. मध्येच शब्द पुरवला की जुळत आलेले वाक्य मोडते. ‘हो’ म्हणायचे असताना ‘नाही’ निघून जाते, म्हणून अंगठा वर की खाली, हेही विचारून घ्यावे. हौसेने अक्षरांचा तक्ता आणणारे बरेच. पण लिहिणे-वाचणेही सहसा अडखळलेले असते, त्यामुळे तो कोपऱ्यात पडतो. नेहमीच्या वस्तू, औषधे, नातवंडे यांच्या फोटोंची वही जास्त चालते. पाठ असलेली आरती सुरात म्हणता येते आणि ‘पाणी’ म्हणता येत नाही, हे ढोंग नव्हे!

रिक्षा-बससाठी खिशात कार्ड असावे: ‘मला समजते, बोलायला वेळ लागतो’, पत्ता आणि घरचा फोन.

उजवा हात लुळा पडून सही जुळेनाशी झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांच्या ओळखीने चालतो; त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. शहरातल्या शाखांनी एवढे तरी काउंटरवर मराठीत लावावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे