नकाशातली बाग

महोदय,

आमच्या लेआउटच्या मंजूर नकाशात हिरव्या रंगाने भरलेला एक तुकडा आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ४००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. प्रत्यक्षात तिथे पत्र्याची शेड, दगड झालेली सिमेंटची पोती, जनरेटर आणि चार वर्षे 'तात्पुरते' असलेले विक्री कार्यालय आहे. मुले पार्किंगमध्ये गाड्यांच्या फटीत क्रिकेट खेळतात. चेंडू काचेला लागला की भांडण ठरलेले.

दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा फक्त आवक शिक्का मिळाला. नगररचना कायद्याच्या कलम ५३ मधली बेकायदा बांधकाम हटवण्याची नोटीस बहुधा टपरीवाल्यांसाठीच राखून ठेवली असावी. बांधकाम परवानगीच्या वेळी विकास शुल्क मात्र न चुकता वसूल होते, आणि ते शेवटी फ्लॅटच्या किमतीतून आमच्याच खिशातून जाते. त्यातले किती पैसे कोणत्या प्रभागातील उद्यानांवर खर्च झाले, हे जाहीर करायला हरकत काय?

बंगळूरमध्ये उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेकायदा ठरवले होते. आम्हाला कोर्टाची पायरी चढायची नाही. उरलेल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) देण्याआधी अधिकाऱ्यांनी नकाशा हातात घेऊन एकदा त्या तुकड्यावर उभे राहावे. येताना बूट घालून यावे, खिळे फार पडलेत.

– एक सदनिकाधारक