दंडावरच्या वणासाठी, सिस्टर, तुमचे आभार

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "लिहायचं तर काय सांगितलं ते लिहा, कुणी सांगितलं ते राहू द्या." तसंच करते. पत्र उघडपणे लिहिण्याचं कारण एवढंच, की ओळखीच्या बायका आता मला बाजूला घेऊन हळूच विचारतात. मंगळबाजारात, हळदीकुंकवाला, अगदी बँकेच्या रांगेतसुद्धा. दंडाचं ऑपरेशन केलंत ना? दुखतं का? डाग राहतो का? मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमच्याकडून आलेलं असतं. त्याचं श्रेय मला मिळू नये असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला माझी केस आठवत असेलच. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या, सर्जरीनंतर माझं वजन जवळजवळ ४० किलोंनी उतरलं. गुडघे मोकळे झाले, साखर ताब्यात आली, घरीदारी कौतुक झालं. पण चरबी गेली तरी कातडी जागच्या जागीच राहिली. हात आडवा केला की काखेपासून कोपरापर्यंत झोळ लोंबायचा. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की त्या घडीत घाम साचायचा, कातडी लाल व्हायची, खाज सुटायची. पावडरी आणि मलमं कायम हाताशी. शिंप्याने बाही दंडाच्या मापाने कापली तर कोपराशी ढगळ, कोपराच्या मापाने कापली तर दंडात चढायची नाही. आणि नवरात्र! बडोद्यात वाढलेल्या बाईला गरब्याच्या रिंगणाबाहेर उभं राहणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. टाळीसाठी हात वर गेला की आधी माझं लक्ष दंडाकडे जायचं, मग तालाकडे. पुढे पुढे मी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून कडेलाच थांबायला लागले.

व्यायाम करून पाहिला होता. डंबेल्सनी आतला स्नायू बळकट होतो, पण ताणून सैल पडलेली कातडी त्याने आवळत नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. मला इतकं हलकं वाटलं! तोवर सगळे मी कमी पडते आहे असंच सुचवत आले होते. त्याआधी मी आणखी एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे "टाके नाहीत, डाग नाही, संध्याकाळी घरी" असं सांगून थेट पॅकेजचा कागद पुढे सरकवला होता.

तुम्ही कागद काढलाच नाहीत. माझा हात आडवा धरलात, दंडाची कातडी दोन बोटांत उचलून पाहिलीत आणि शांतपणे समजावलंत. ज्यांची कातडी घट्ट आहे आणि चरबीच जास्त आहे, त्यांचं लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून, भागतं. कातडी थोडीच आणि काखेजवळच सैल असेल, तर काखेतल्या छोट्या चिरेवर काम होतं. "तुमचं या दोन्हींत बसत नाही, ताई. तुम्हाला पूर्ण आर्म लिफ्ट लागेल. डॉक्टर त्याला ब्रॅकियोप्लास्टी म्हणतात." मग काखेपासून कोपराच्या जरा अलीकडेपर्यंत, दंडाच्या आतल्या बाजूने, तुम्ही बोट फिरवलंत. "वण इथून इथपर्यंत. काखेत तो थोडा वळवतात, सरळ ठेवला तर कातडी आखडून हात वर जाताना ओढ बसते. हात बारीक होईल, पण ही रेघ कायमची. चालत असेल तर डॉक्टरांना भेटा. नसेल चालत तर चहा घ्या आणि खुशाल घरी जा."

आणि मग फोटो. त्या बायकांनी परवानगी दिलेली, चेहरे झाकलेले. दुसरीकडे सगळीकडे आधीचा आणि नंतरचा असे दोनच फोटो दाखवतात. तुम्ही मधलेही दाखवलेत. दोन आठवड्यांचा, सूज आणि काळेनिळे डाग असलेला. तीन महिन्यांचा, त्यात वण लालभडक आणि आधीपेक्षा जास्तच उठून दिसणारा. दीड वर्षानंतरचा, फिकट पडलेला, तरी दिसणारा. एका बाईचा वण जाड होऊन वर आला होता, तोही फोटो तुम्ही लपवला नाहीत. "तुमच्या आधीच्या ऑपरेशनचे वण दाखवा," म्हणालात, आणि पोटावरचे टाके निरखून पाहिलेत. मी त्याच दिवशी मनाने तयार झाले. पुढे डॉक्टर बोलले तेव्हा त्यांच्या तोंडून नवं असं काहीच आलं नाही, ही तुमची केवढी मोठी पावती आहे!

घरी मात्र "एवढ्यासाठी ऑपरेशन?" हा प्रश्न होताच. तुम्ही माझ्या यजमानांना बोलावून घेतलंत आणि सांगितलंत, की हे जिवावरचं दुखणं नाही, हे ताईंना माहीत आहे. पण त्या रोज ज्या शरीरात राहतात त्याबद्दल त्यांनी विचार करून ठरवलं आहे, आणि ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे. सिस्टर, माझी बाजू इतक्या सरळपणे तोवर कुणी मांडली नव्हती.

ठरल्यावरही तुम्ही घाई होऊ दिली नाहीत. वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर हवं, कारण नंतर आणखी उतरलं तर कातडी पुन्हा सैल पडते आणि वाढलं तर ताणते. बॅरिॲट्रिकनंतर शरीरात लोह, प्रोटीन, बी १२ कमी पडतं आणि मग जखम भरायला वेळ लागतो, म्हणून तपासण्या आधी. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि घरगुती काढे-चूर्णंसुद्धा डॉक्टरांना दाखवायची, आपल्या मनाने ना चालू ठेवायची ना बंद करायची. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या आहेत का, हेही विचारलंत. तसं असेल तर हात कायमचा सुजण्याचा धोका वाढतो आणि बहुधा हे ऑपरेशन करत नाहीत. तंबाखू आणि मिश्रीचं तुम्ही इतक्या सहजपणे विचारलंत, की शेजारी बसलेल्या मावशींनीही कबूल केलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, कातडीच्या कडेला रक्त पोचत नाही, टाके उसवतात. म्हणून निदान चार आठवडे आधीपासून बंद. विम्याचंही स्पष्ट बोललात. केवळ दिसण्यासाठी केलेली सर्जरी मेडिक्लेममध्ये बसत नाही, तेव्हा भूल, ऑपरेशन थिएटर, नंतर घालायच्या घट्ट बाह्या (प्रेशर स्लीव्ह) सगळं धरून खर्च लेखी घ्या. आणि सर्जन कुणीही असोत, प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते आधी बघा. हे तुम्ही तुमच्याच डॉक्टरांच्या केबिनबाहेर, त्यांच्या डिग्रीच्या पाटीकडे बोट दाखवून सांगितलंत, हे मला विशेष आवडलं.

तारीख डिसेंबरची घेतली तीही तुमच्यामुळे. घट्ट बाह्या महिना-दीड महिना घालून राहायचं तर थंडीतच बरं.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी मला उभं करून, हात खांद्याच्या रेषेत आडवे आणि कोपरात वाकवलेले ठेवून, पेनाने खुणा केल्या. तुम्ही पाठीमागे उभ्या होतात. पूर्ण भूल, अडीच-तीन तास, एक रात्र मुक्काम. जाग आली तेव्हा दोन्ही हात उशांवर, दंडांना पट्टे आणि दोन्हीकडून ड्रेनच्या, म्हणजे आत साचणारा स्राव बाहेर काढणाऱ्या, नळ्या.

खरी गरज पुढे लागली. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात राहिलं, ताण मात्र असह्य वाटायचा, जणू कुणी आतून कातडी शिवून घट्ट ओढली आहे. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. तुम्ही आधीच यादी दिली होती, म्हणून निभावलं. वरच्या फळीवरचे डबे खाली ओट्यावर आणून ठेवा. पुढून बटणं असलेले सैल शर्ट काढून ठेवा, पाठीमागे हूक असलेला ब्लाउज विसरा. हात छातीच्या वर राहतील अशा उशा रचा. दर तासाला मुठी उघडा-मिटा, म्हणजे बोटांची सूज उतरते. आणि घरातल्या घरात चाला, पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. यजमानांना तुम्ही ड्रेनचा फुगा रिकामा करून मिली मोजायला आणि वहीत वेळेसकट लिहायला शिकवलंत. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं तेव्हा तुम्हाला फोन त्यांनीच केला.

केसांचं तर मी विसरणारच नाही. पहिल्या ड्रेसिंगला आले तेव्हा माझ्या केसांचा गुंता झाला होता. हात मागे जाईना, आणि घरात कुणाला सांगायला मला संकोच वाटत होता. तुम्ही पट्टे बदलून झाल्यावर न बोलता कंगवा घेतलात, खालून वर एकेक गुंता सोडवलात आणि घट्ट वेणी घालून दिलीत. बाहेर पेशंट थांबले होते. शेवटी रबर लावताना एवढंच म्हणालात, "आता घरी सासूबाईंना सांगा, त्यांना आवडेल." आणि खरंच, त्या दिवसापासून माझी वेणी त्यांनीच घातली. आम्हा दोघींमध्ये इतकी वर्षं जो अवघडलेपणा होता तो त्या महिन्यात बराच विरघळला. याचं ऋण कोणत्या बिलात धरायचं?

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उजव्या काखेजवळ टाक्यांची कड उघडली आणि मी घाबरून गेले. फोटो पाठवला, तुम्ही लगेच बोलावलंत, डॉक्टरांनी पाहिलं. काखेशी ओल असते, हलताना ताण येतो, म्हणून तिथे असं होणं नेहमीचं आहे. ड्रेसिंग करत राहिलं आणि ती भरली. पण त्याच वेळी तुम्ही आम्हा दोघांना पुन्हा बजावलंत, की एकच हात अचानक फुगला, लाल-गरम झाला, ताप आला, जखमेतून वास येणारा स्राव आला, पोटरी दुखायला लागली किंवा धाप लागली, तर फोटो नको, थेट या. कातडीखाली पाणी साचलं तर सुईने काढावं लागतं हेही सांगून ठेवलं होतंत. माझ्या बाबतीत ते झालं नाही, पण झालं असतं तरी मी गांगरले नसते.

मग उत्तरायण आलं. १४ जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर, आणि मला पतंग बंद. मी तुम्हाला फोन करून विचारलं, निदान फिरकी तरी धरू का? तुम्ही डॉक्टरांना विचारून परत फोन केलात: फिरकी चालेल, खुर्चीवर बसून, सावलीत, पूर्ण बाह्यांत. पेच लढवायचे नाहीत, मांजाला हात लावायचा नाही, बोट कापलं तर सुजलेल्या हाताला इन्फेक्शन नको. एका फिरकीसाठी तुम्ही डॉक्टरांना ऑपरेशनांच्या मधे गाठलंत! मी दिवसभर भाच्याची फिरकी धरली, उंधियू-जिलेबी खाल्ली.

कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, मला बरेच महिने काही कळत नव्हतं. तिथली संवेदना नेणारा मज्जातंतू ऑपरेशनच्या जागेजवळून जातो, तो दुखावू शकतो, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. कुकरची वाफ आणि गरम पाण्याची पिशवी जपून, ही तुमची सूचना मी अजून पाळते, कारण एक पट्टा अजून बधिर आहे. तो कदाचित तसाच राहील. डावा दंड उजव्यापेक्षा किंचित जाड आहे, तेही मी मान्य केलं आहे. जखमा पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल चालू केलं आणि उन्हात जाताना वण झाकत आले. या नवरात्रात मी कोपरापर्यंतच्या बाह्यांची चोळी शिवली, रिंगणात गेले आणि त्रण ताळीचा, म्हणजे तीन टाळ्यांचा, गरबा दमेपर्यंत खेळले. दंडाकडे एकदाही लक्ष गेलं नाही.

आता एक विनंती. माझी मामेबहीण पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येते आहे. तिचंही वजन उतरलं आहे, पण अजून उतरतं आहे, आणि साखर वर-खाली होते. तिला दिवाळीनंतर लगेच उरकायचं आहे. मी थांब म्हटलं तर तिला पटत नाही. तुम्ही तिला ते मधले फोटो दाखवा, आधी साखर आणि वजन एका जागी आणायला सांगा, आणि वण कुठून कुठपर्यंत येईल तेही बोट फिरवून दाखवा. तुमचं ती ऐकेल.

मनापासून आभार, सिस्टर.

तुमची,
दांडिया बाजारातली पेशंट
बडोदा