‘बी-१७’ नावाचं जीवनसत्त्व नाही

संपादक महोदय,

सफरचंदाची एखादी बी चुकून गिळली की घरात धावपळ उडते. आणि कडू जर्दाळूच्या बीतला गर मात्र कॅन्सर बरा करणारं ‘व्हिटॅमिन बी-१७’ म्हणून लोक मुद्दाम चावून खातात! या दोन्ही बियांमध्ये सायनाइड हे विष असतं, पण ते मोकळं नसतं. ते अमिग्डालिन या संयुगात (‘बी-१७’ म्हणतात ते हेच) साखरेशी बांधलेलं असतं. त्याला सोडवणारं विकर (एन्झाइम) त्याच बीत, पण वेगळ्या कप्प्यात. बी चावली किंवा वाटली की दोघांची गाठ पडते आणि १ ग्रॅम अमिग्डालिनमधून सुमारे ५९ मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड सुटू शकतं. अख्खी गिळलेली बी बहुधा तशीच बाहेर पडते. चावलेल्या कडू गराचं तसं नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच सांगितलंय, की एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कच्चे गर खाल्ले तर मोठ्यांचीही सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तान्ह्या-लहानग्यांसाठी एकही जास्त ठरू शकतो. ‘बी-१७’ जीवनसत्त्व नाही, त्याने कॅन्सरही बरा होत नाही. अशा गरांच्या पाकिटांवर ठळक इशारा छापणं सक्तीचं करावं.

– एक वाचक